शाळेच्या कॅलेंडरवर दिवाळीची सुट्टी हवीये? न्यू जर्सीच्या स्कूल बोर्डासमोर मुद्दा कसा मांडायचा

दरवर्षी ऑक्टोबर आला की इकडच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच विषय सुरू होतो, शेजारच्या टाउनशिपला दिवाळीची सुट्टी आहे मग आपल्याला का नाही. मग कोणीतरी ऑनलाइन पिटिशनची लिंक टाकतं, भराभर सह्या होतात, आणि फराळाचे डबे रिकामे झाले की विषयही संपतो. मी बरीच वर्षं आमच्या टाउनच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगांना जातेय, दिवाळीची मागणी तिथे कशी मांडली जाते आणि कुठे अडते हे बघत आलेय, म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते, आपला सण किती मोठा आहे हे सांगून ही सुट्टी मिळत नाही. शाळा त्या दिवशी नीट चालत नाही हे दाखवून मिळते, आणि दुसऱ्या कोणाच्या सुट्टीला हात न लावता मागितली तरच टिकते. बाकी सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पहिली अडचण ही की आपण महाराष्ट्रातल्या शाळेतून आलोय. तिकडे सुट्ट्यांची यादी वरून येते, वर्षात एकूण सुट्ट्या ७६ च्या वर जायच्या नाहीत आणि कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत एवढं बघायचं, दिवाळीची मोठी सुट्टी तर गृहीतच धरलेली, आणि कोकणातल्या शाळांना गणपतीत जास्त दिवस हवे असतील तर उन्हाळ्यातले किंवा दिवाळीतले कमी करून शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येतात. आपल्याला कधी मागावंच लागलं नाही. इकडे सुट्ट्यांची अशी यादी वरून येत नाही. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावोगावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत आणि प्रत्येकाचं बोर्ड ऑफ एज्युकेशन स्वतःचं कॅलेंडर स्वतः मंजूर करतं. त्यामुळे गव्हर्नरला ईमेल करून, आमदाराबरोबर फोटो काढून काही होत नाही, ज्या साधारण नऊ लोकांचं मत मोजलं जातं ते तुमच्याच गावात राहतात, बिनपगारी काम करतात, आणि संध्याकाळी सात-साडेसातला शाळेच्या हॉलमध्ये बसलेले असतात. तिथे जायचं.

आणि हो, तुम्ही एच-वन-बी वर असा नाहीतर ग्रीन कार्डवर, बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येत नसलं तरी मीटिंगमध्ये बोलता येतं. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे स्कूल बोर्डाला प्रत्येक पब्लिक मीटिंगमध्ये लोकांना बोलायला वेळ ठेवावाच लागतो. नाव आणि टाउन सांगायचं, बोलायचं. सिटिझन आहात का असं कोणी विचारत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण आपल्यातले कितीतरी लोक "आपण इथले नाही" म्हणून गप्प बसतात आणि मुलं मात्र बारा वर्षं त्याच शाळेत जातात.

आता सुट्टी मिळेपर्यंत काय करायचं ते आधी सांगते, कारण ते बऱ्याच जणांना माहितीच नसतं. न्यू जर्सीत धार्मिक सणासाठी मुलाला घरी ठेवलं तर ती गैरहजेरी एक्स्क्यूज्ड, म्हणजे माफ, धरावी लागते, पालकांची सही असलेली चिठ्ठी दिली की झालं. त्या दिवशीची टेस्ट बुडाली तर ती परत द्यायचा हक्क मुलाला आहे, आणि पूर्ण हजेरीचं बक्षीस वगैरे काही असेल तर त्यातूनही त्या दिवसामुळे बाद करता येत नाही. हे शाळेच्या मर्जीवर नाही, राज्याचा कायदा आहे. स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन अशा सणांची यादी काढतं, यादी खूप लांबलचक असते आणि त्यात आपले बरेच सण असतात. डिस्ट्रिक्टला त्यात स्वतःहून भरही घालता येते. त्यामुळे गणपती, दसरा, पाडवा यासाठी वेगळी सुट्टी मागत बसू नका, त्याला ही चिठ्ठी पुरते. कॅलेंडरसाठी मागायचा एकच दिवस, लक्ष्मीपूजनाचा. चार सणांची यादी घेऊन गेलात की एकही मिळत नाही, बोर्डाला लगेच वाटतं की आज चार दिले तर उद्या चाळीस मागणारे येतील.

पण ही चिठ्ठीची सोय आहे म्हणूनच बोर्ड तुम्हाला पहिलं उत्तर हेच देणार, की तुमच्या मुलाला घरी ठेवता येतंय की, मग शाळा कशाला बंद करायची? याचं उत्तर तयार पाहिजे. उत्तर असं की एका वर्गात एक-दोन मुलं नसली तर चिठ्ठी पुरते, पण चोवीस मुलांच्या वर्गात दहा नसली तर शिक्षक नवीन धडा घेत नाही, उरलेल्या चौदा जणांचा दिवसही वाया जातो, आणि पुढच्या दोन दिवसात त्या दहा जणांच्या टेस्ट परत घ्यायच्या म्हणजे शिक्षकाचं काम दुप्पट. म्हणजे नुकसान फक्त आपल्या मुलांचं नाही, सगळ्या शाळेचं आहे. वादाचा सगळा जोर इथे लावायचा.

आणि कायद्यानेही हाच मुद्दा लागतो. अमेरिकेत सरकारी शाळेला एखादा सण पवित्र आहे म्हणून शाळा बंद ठेवता येत नाही, सरकारने कुठल्या धर्माची बाजू घ्यायची नाही असं सांगणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती आडवी येते. शाळा बंद ठेवायला धर्माबाहेरचं कारण लागतं. इलिनॉय राज्यात गुड फ्रायडेला शाळांना सुट्टी देणारा जुना कायदा होता, तो १९९५ साली फेडरल अपील कोर्टाने रद्द केला कारण राज्याला असं कारण नीट दाखवता आलं नाही. उलट मेरीलँडमध्ये ईस्टरच्या आसपासची सुट्टी १९९९ साली दुसऱ्या एका अपील कोर्टाने टिकवली, कारण त्या दिवसांत मुलं आणि शिक्षक मोठ्या संख्येने येणार नाहीत हे कारण मान्य झालं. न्यू जर्सी या दोन्ही कोर्टांच्या हद्दीत येत नाही, पण बोर्डाचा वकील साधारण याच धर्तीवर विचार करतो. त्यामुळे "दिवाळी म्हणजे अंधारावर प्रकाशाचा विजय, आमचा सर्वात पवित्र सण" हे तीन मिनिटं बोलून आलात तर ऐकणारे हसून टाळ्या वाजवतील, पण तुम्ही बोर्डाच्या हातात वापरता येईल असं काहीच दिलेलं नसतं. काही सदस्यांना तर त्यामुळे हो म्हणणं अवघडच जातं.

मग काय द्यायचं? आकडे. गेल्या तीन-चार वर्षांत दिवाळीच्या दिवशी प्रत्येक शाळेत किती मुलं गैरहजर होती, आणि त्याच महिन्यातल्या साध्या दिवसाला किती असतात. शिक्षक किती नव्हते, सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, किती लागले. हे आकडे डिस्ट्रिक्टकडे असतात आणि ओप्रा नावाच्या कायद्याखाली, म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखाच, ते मागता येतात. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलांची नावं मागू नका, ती मिळणारही नाहीत आणि मिळूही नयेत, फक्त शाळेप्रमाणे एकूण संख्या मागा. तारखा नेमक्या लिहा, "दिवाळीच्या सुमारास" असं लिहिलंत तर काहीच हाती लागणार नाही. आणि वर्ष निवडताना बघा की दिवाळी कामाच्या दिवशी होती, २०२३ ला ती रविवारी होती, त्या वर्षीचा आकडा मागून उपयोग नाही.

तारखेवर मात्र थोडं थांबते कारण आपली माणसं इथे हमखास घसरतात. बोर्डाने विचारलं "दिवाळी नक्की कधी?" आणि तीन जणांनी दोन तारखा सांगितल्या की मागणीतली हवाच निघते. २०२५ चं बघा. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, देशात बऱ्याच ठिकाणी २० ला झालं, आणि न्यूयॉर्क शहराने सुट्टी २० ला दिली. आता आईबाबांचा फोन येतो की अरे पंचांगात २१ आहे, आणि ते बरोबरच सांगत असतात, पण ते तिकडचं. अमावास्या भारतात २० ला दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरू झाली आणि २१ ला संध्याकाळी सहाच्या आत संपली, इकडच्या घड्याळात तेच २० ला सकाळी सव्वासहा ते २१ ला सकाळी साडेआठच्या आत. म्हणजे न्यू जर्सीतल्या संध्याकाळी अमावास्या फक्त २० लाच होती. म्हणून इकडचं पंचांग इकडच्या वेळेने बघायचं, आणि आपल्या मंडळात, गुजराती समाजात, तेलुगू लोकांत, देवळात, सगळीकडे बोलून पुढच्या पाच वर्षांच्या तारखांचा एकच कागद करायचा. २०२६ ला ८ नोव्हेंबर, रविवार. २०२७ ला भारतात २९ ऑक्टोबर, शुक्रवार आहे, इकडची तारीख देवळातल्या गुरुजींकडून खात्री करून मगच लिहा. बोर्डाला त्यामागचा खल ऐकवायचा नाही, फक्त एक तारीख आणि ती कोणाकोणाला मान्य आहे ते सांगायचं.

हा कागद केला की एक मोठा फायदाही दिसतो. काही वर्षी दिवाळी शनिवार-रविवारी येते, त्या वर्षी शाळेचा एकही दिवस जात नाही. म्हणून एखाद्या वर्षाची एक तारीख मागण्यापेक्षा "दिवाळी शाळेच्या दिवशी आली तर शाळा बंद" असं धोरण मागा. रविवारच्या वर्षी हे मागणं तर फारच सोपं, कारण त्या वर्षी बोर्डाला फक्त कॅलेंडरवर नाव छापायचं असतं, आणि एकदा नाव छापलं गेलं की पुढच्या वर्षी ते काढायला कारण लागतं.

आता गणित. राज्याची अट वर्षात किमान १८० दिवस शाळा भरण्याची. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या आसपास शाळा सुरू, जूनच्या मधे किंवा शेवटी संपते, त्यात थँक्सगिव्हिंग, ख्रिसमसचा आठवडा, स्प्रिंग ब्रेक, रोश हशाना आणि योम किपूर हे ज्यू सण, नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं त्याचे गुरुवार-शुक्रवार, काही ठिकाणी निवडणुकीचा दिवस, आणि बर्फाचे राखून ठेवलेले दिवस. बर्फाच्या दिवशी ऑनलाइन शाळा घेऊन तो दिवस १८० मधे धरता येत नाही, म्हणून राखीव दिवस लागतातच. याचा अर्थ दिवाळीला बंद म्हणजे एक दिवस कुठून तरी आणावा लागणार, एकतर जूनमधे एक दिवस वाढवा, नाहीतर सप्टेंबरमधे एक दिवस आधी सुरू करा, नाहीतर दुसरी एखादी सुट्टी हलवा. आणि शिक्षकांनी वर्षात किती दिवस काम करायचं हे त्यांच्या करारात ठरलेलं असतं, ते वाढत नाही, म्हणजे पगाराचा खर्चही वाढत नाही, फक्त दिवस इकडचा तिकडे होतो. हे बोर्डाला माहीत असतं पण मीटिंगमधे विरोध करणाऱ्या टॅक्सपेअरला माहीत नसतं, म्हणून तुम्हीच सांगा.

माझा सल्ला, कुठला दिवस घ्यायचा याचा पर्याय तुम्हीच लिहून न्या. आपल्या डिस्ट्रिक्टचं चालू कॅलेंडर छापून घ्या, पेनाने खुणा करा, की दिवाळीचा दिवस बंद आणि त्या बदल्यात जूनचा अमुक दिवस शाळा. सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, ऑफिसमधलं माणूस दरवर्षी हे कोडं सोडवत बसलेलं असतं, त्याला अर्धं सोडवून दिलेलं आवडतं. पण त्या खुणा करताना एक नियम पाळा, दुसऱ्या कुठल्याही धर्माच्या सणावर पेन टेकवायचं नाही. "गुड फ्रायडे कशाला हवा", "रोश हशानाला दोन-दोन दिवस कशाला" असलं वाक्य मीटिंगमधे तर सोडाच, फेसबुक ग्रुपवरही लिहू नका.

हे मी इतकं जोर देऊन का सांगतेय त्याला दोन जुने किस्से आहेत. फ्लोरिडात हिल्सबरो काउंटी आहे, टॅम्पाच्या भागात. २००५ साली तिथल्या मुस्लिम पालकांनी ईदची सुट्टी मागितली. बोर्डाने काय केलं, ईद तर दिलीच नाही, उलट योम किपूर, गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या सुट्ट्याही काढून टाकायचं ठरवलं, म्हणजे कोणालाच नको. लोक भडकले, देशभर गाजलं, आणि थोड्याच दिवसांत बोर्डाने निर्णय फिरवला, जुन्या सुट्ट्या परत आल्या. ईद मात्र नाहीच. आणि ज्यांनी कोणाची सुट्टी काढा असं म्हटलंच नव्हतं त्या मुस्लिम पालकांना मधल्या मधे बोल ऐकावे लागले. दुसरा मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीचा, २०१४ चा. तिथेही मागणी ईदचीच, आणि मागणीही किती साधी, पुढच्या वर्षी योम किपूर आणि ईद एकाच दिवशी येणार असं दिसत होतं, शाळा बंदच राहणार होती, म्हणून कॅलेंडरवर योम किपूरबरोबर ईदचंही नाव लिहा एवढंच. बोर्डाने ७ विरुद्ध १ मतांनी सगळ्याच धार्मिक सुट्ट्यांची नावं कॅलेंडरवरून काढून टाकली. शाळा त्या दिवशी बंदच राहणार, फक्त नाव नाही. ज्यू लोक नाराज, ख्रिश्चन नाराज, मुस्लिम तर सगळ्यात जास्त, कारण त्यांना सगळ्यांच्या बरोबरीने बसायचं होतं, दुसऱ्याला उठवायचं नव्हतं. पुढे २०१५ मधे त्याच बोर्डाने ठरवलं की २०१६ च्या बकरी ईदच्या दिवशी शिक्षकांचा ट्रेनिंगचा दिवस ठेवायचा, म्हणजे मुलांना सुट्टी. वाट निघाली, पण वळसा घालून.

यातून मला जे कळलं ते हे, की बोर्डाला "सगळ्यांचं काढून टाका" हा रस्ता कायम मोकळा असतो, आणि आपण भांडून मागितलं की तो त्यांना आणखी सोपा वाटायला लागतो. म्हणून मीटिंगला एकटे जाऊ नका. ज्यू पालक हा सगळ्यात मोलाचा आधार आहे, कारण ते यातून आधी गेलेत, न्यूयॉर्कच्या शाळा रोश हशाना आणि योम किपूरला बंद राहायला लागल्या त्याला मोठं कारण हेच होतं की इतके ज्यू शिक्षक त्या दिवशी येत नसत की शाळा चालवणं अवघड व्हायचं. म्हणजे आपण आज जो हजेरीचा मुद्दा मांडतोय तोच. मुस्लिम पालकांशी बोला. मला माहितीये की आपल्या काही ग्रुपवर हे वाचून भुवया उंचावतील, पण मी मनापासून सांगते, दिवाळी हवी आणि ईद नको अशी मागणी अन्यायाची आहे, आणि बोर्डासमोर ती अर्ध्या मिनिटात उघडी पडते. त्यांचा रस्ता तर आपल्यापेक्षा लांब होता. न्यूयॉर्क शहरात २००६ साली राज्याच्या परीक्षा बकरी ईदच्या दिवशीच आल्या, तिथून मोहीम सुरू झाली, २००९ ला सिटी कौन्सिलने ठराव केला, मेयर ब्लूमबर्गनी नाही म्हटलं, आणि मेयर डी ब्लासिओ आल्यावर २०१५ मधे दोन्ही ईदची सुट्टी झाली. त्याच वर्षी चिनी नववर्षाचीही जाहीर झाली. दिवाळीला २०२३ उजाडलं, जूनमधे मेयर अ‍ॅडम्सनी जाहीर केलं, नोव्हेंबरमधे गव्हर्नर होकुलनी कायद्यावर सही केली, आणि प्रत्यक्ष शाळा पहिल्यांदा बंद राहिल्या १ नोव्हेंबर २०२४ ला. न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेत, म्हणजे असेंब्लीत, जेनिफर राजकुमार यांनी तो विषय लावून धरला होता. ईदचा रस्ता आधी झालेला नसता तर आपला इतका लवकर झाला नसता असं मला वाटतं. आणि व्यवहाराचं बघायचं तर २०२६ मधे गुढीपाडवा १९ मार्चला आणि ईद २० च्या आसपास, लागून आलेत, म्हणजे अशा आठवड्यात मोठी परीक्षा ठेवू नका हे दोघांनी मिळून सांगायला काय हरकत आहे.

आपल्या बाजूलाही दिवाळी फक्त हिंदूंची नाही हे विसरू नका. जैन लोकांचं महावीर निर्वाण त्याच दिवशी, शिखांचा बंदी छोड दिवसही तेव्हाच. त्यांना पत्रावर सही करायला बोलवा, नुसती सही नाही, बोलायलाही. आणि पत्र मराठी मंडळाच्या लेटरहेडवर एकटं पाठवू नका.

कधी सुरू करायचं? बहुतेक बोर्ड पुढच्या वर्षीचं कॅलेंडर हिवाळ्यात मंजूर करतात, काही दोन-तीन वर्षांची एकदम करतात. म्हणजे दिवाळी झाली की लगेच सुरुवात करायची, आकडे ताजे असतात, आणि त्याच्याही आधी सप्टेंबरमधे सुपरिंटेंडंटला भेटून कॅलेंडर कमिटीत कोण आहे, मसुदा कधी येतो हे विचारून ठेवायचं. शिक्षक संघटनेच्या स्थानिक लोकांशी तेव्हाच बोला, कमिटीत त्यांचं वजन असतं. सण तोंडावर आल्यावर काही होत नाही. जर्सी सिटीमधे २०१५ ला बकरी ईद जेमतेम आठवड्यावर आलेली असताना त्या वर्षीच सुट्टी द्यायची की नाही यावर बोर्डाची मीटिंग झाली, हॉल भरलेला, लोक चिडलेले, रडलेले, आणि उत्तर नाही. एका आठवड्यात हजारो पालकांनी लहान मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न खरा होता, त्यामुळे हो म्हणायची इच्छा असलेल्यालाही हो म्हणता आलं नसतं.

मीटिंगमधे बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. मी सांगते तसा साचा वापरून बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात नाव, टाउन, मुलं कुठल्या शाळेत, आणि मागणी एका वाक्यात, दिवाळी शाळेच्या दिवशी आली तर शाळा बंद ठेवावी. मग आकडे, दोनच, जास्त नाही, साध्या दिवशी गैरहजेरी इतकी, दिवाळीला इतकी. मग त्या दिवशी वर्गात काय होतं हे एका खऱ्या उदाहरणाने, शक्य असेल तर शिक्षकाच्या तोंडून ऐकलेलं. मग दिवस कुठून आणायचा त्याचा तुमचा पर्याय. आणि शेवटी हे स्पष्ट म्हणायचं की आम्ही कोणाची सुट्टी काढा असं म्हणत नाही, आणि अमुक समाजाच्या ईदच्या मागणीलाही आमचा पाठिंबा आहे. बस. दहा जणं जाणार असाल तर दहा जणांनी हेच बोलू नका, वाटून घ्या, एकाने आकडे, एकाने कॅलेंडर, एका हायस्कूलच्या मुलीने किंवा मुलाने सांगावं की दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट होती तेव्हा घरी काय झालं. मुलं बोलली की बोर्ड ऐकतं, हे मी परत परत पाहिलंय, आणि बऱ्याच बोर्डांवर विद्यार्थी प्रतिनिधी असतो, मत नसलं तरी त्याचा आवाज असतो, त्याला आधी भेटा. आपण टाळ्या, घोषणा, भगवे-झेंडे हे काही तिथे न्यायचं नाही. अजेंडावर विषय नसला तरी बोलता येतं, पण बोर्ड तिथल्या तिथे उत्तर देत नाही, ते खाली मान घालून लिहून घेतात, त्याने नाराज होऊ नका, दुसऱ्या दिवशी तोच मजकूर आकड्यांसकट सगळ्या सदस्यांना ईमेल करा.

विरोधातले मुद्दे नीट ऐका, सगळेच काही आकसाने बोलत नाहीत. सगळ्यात खरा मुद्दा नोकरदार आईबापांचा आहे. आपण बरेच जण लॅपटॉपवर काम करणारे, एक दिवस घरून करू, पण तासाच्या पगारावर काम करणाऱ्या आईला शाळा बंद म्हणजे एकतर पगार गेला नाहीतर सांभाळायला पैसे गेले. काही मुलांचा सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण शाळेतच होतं. स्पेशल एज्युकेशनमधल्या मुलांना रोजचा क्रम मोडला की फार त्रास होतो. यावर "एकच तर दिवस" असं म्हणू नका. काय करणार ते सांगा, मंडळ, देऊळ, वायएमसीए, लायब्ररी मिळून त्या दिवशी मुलांसाठी मोफत कॅम्प चालवता येईल का, जेवण देता येईल का, आणि तसं ठरलं असेल तरच बोला कारण बोर्ड पुढच्या वर्षी विचारतं. तो कॅम्प सर्व मुलांसाठी असावा, त्यात पूजा नको. दुसरा मुद्दा, आज तुम्ही उद्या आणखी कोणी, याला उत्तर म्हणून बोर्डालाच सुचवा की एक निकष ठरवा, गैरहजेरी किंवा शिक्षकांची कमतरता अमुक टक्क्याच्या वर गेली तर बंद, मग सण कोणाचाही असो. निकषात दिवाळी बसली नाही तर? तर आपण तो मान्य करायचा, दोन वर्षांनी परत बघायचं. निकष मागायचा आणि आपल्याला सोयीचा नाही म्हटल्यावर सोडायचा असं करू नका. तिसरा, मुलांचं शिक्षण बुडतं, हे ब्लूमबर्गही म्हणायचे. १८० दिवस तेवढेच राहतात, हे उत्तर पुरेसं आहे.

पूर्ण सुट्टी नाही मिळाली तर मधले पर्याय आहेत आणि ते कमी समजू नका. त्या दिवशी टेस्ट नाही, नवीन धडा नाही, रात्रीचा होमवर्क नाही, फील्ड ट्रिप किंवा मोठा कार्यक्रम नाही, असं लेखी धोरण घ्या. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीने २०२१ मधे आधी असंच केलं, सुट्टी न देता वेगवेगळ्या धर्मांच्या पंधरा दिवसांना असं संरक्षण दिलं, लोकांनी पाठपुरावा सोडला नाही आणि २०२२-२३ च्या कॅलेंडरमधे रोश हशाना, योम किपूर, दिवाळी आणि ईद या सुट्ट्या आल्या. शिक्षकांचा ट्रेनिंगचा दिवस त्या तारखेला ठेवणं हाही एक पर्याय, मुलं घरी राहतात आणि बोर्डाला सोपं जातं, पण त्यात आपल्याच समाजातल्या शिक्षकांना कामावर यावं लागतं किंवा स्वतःची रजा खर्चावी लागते, म्हणून आधी त्यांना विचारा. आणि राज्याने दिवाळी मान्य केली अशी बातमी आली की शाळा बंद होणार असं समजू नका, पेनसिल्व्हेनियाने २०२४ मधे दिवाळीला राज्याची मान्यता दिली पण त्याने एकाही शाळेवर बंद ठेवायची सक्ती नाही, तिथल्या पालकांनाही शेवटी आपल्या बोर्डाकडेच जावं लागतंय.

मत पडलं, सुट्टी मिळाली, तर ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनाही धन्यवादाचं पत्र जाऊ द्या, दर वर्षी काही जागांची निवडणूक असते आणि बोर्ड बदलतं. मंडळाच्या कमिटीत एका माणसावर ही जबाबदारी कायमची टाका, की दर सप्टेंबरला पुढच्या वर्षीची तारीख देवळातून पक्की करून सुपरिंटेंडंटच्या ऑफिसला पाठवायची, कारण कॅलेंडर दरवर्षी नव्याने होतं आणि तिथलं माणूस गूगलवर पहिली दिसेल ती भारतातली तारीख टाकून मोकळं होतं. आणि वर सांगितलेल्या कॅम्पची नोंदणी ऑगस्टमधेच उघडा, ज्या पालकांना खरी गरज आहे त्यांना महिनाभर आधी कळलं तरच त्याचा उपयोग होतो.